गाडी कुठवर आली?
लहान व्यापाऱ्याने वाहतुकीच्या नव्या तंत्रावर पैसा घालावा काय?

यंत्रमागाच्या कोणत्याही गावात जा. मालेगाव असो, भिवंडी असो वा इचलकरंजी, संध्याकाळी पेढीवर एक प्रश्न हमखास कानी पडतो : "गाडी कुठवर आली?" सुताची गाडी आली नाही तर उद्या माग बंद राहणार. ग्रे कापडाची गाडी वेळेवर पोहोचली नाही तर प्रोसेसवाल्याकडील नंबर हुकणार. आणि मालाची पोच हाती पडली नाही तर हुंडेकऱ्याचे शिल्लक भाडे अडकून राहणार. या एका प्रश्नापायी दिवसाकाठी दहा-वीस फोन होतात. ड्रायव्हर म्हणतो, "बस, नाक्यावर आहे शेठ." तो नाका नेमका कोणता, हे मात्र शेठना कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणारे तंत्र आज बाजारात सहज मिळते. गाडीत बसवायचे छोटे यंत्र आहे, मोबाईलवर चालणारी ॲप आहेत, बिल्टीपासून हिशेबापर्यंत सारे काही सांभाळणारी संगणकीय व्यवस्था आहे. मोठ्या कंपन्या ती सर्रास वापरतात. परंतु ज्याच्याकडे दोन-तीन ट्रक आहेत, किंवा ज्याचे वीस-पंचवीस माग आहेत व जो भाड्याच्या गाडीने माल पाठवतो, असा माणूस मात्र यावर पैसा घालण्यास सहसा तयार होत नाही. असे का व्हावे? "आपले लोकच मागासलेले, नवे काही शिकायला नको" असे उत्तर पुष्कळजण देऊन मोकळे होतात. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. लहान माणूस हिशेबी असतो. त्याने एखाद्या गोष्टीवर पैसा घातला नाही, तर त्यामागे बहुधा काही हिशेब असतो. तो हिशेब बरोबर आहे की चुकीचा, आणि कोणाच्या बाबतीत बरोबर आहे, याचा विचार या लेखात करू.

हे तंत्र म्हणजे नेमके काय?

वाहतूक व्यवस्थापनाचे तंत्र हे नाव भारदस्त वाटते. पण त्यात जी कामे येतात ती आपला प्रत्येक हुंडेकरी आणि व्यापारी आजही करतच असतो. कोणता माल कोणाकडे, केव्हा पाठवायचा याची नोंद घेणे, हे पहिले काम. तो माल कोणत्या गाडीत बसेल आणि परतीचे भाडे कोठून मिळेल हे ठरवणे, हे दुसरे. रस्त्यावरील गाडीची खबर ठेवणे, हे तिसरे. बिल्टी, ई-वे बिल, विमा, फिटनेस आणि पोच हे कागद सांभाळणे, हे चौथे. आणि भाडे, आगाऊ रक्कम, डिझेल, टोल, हमाली, वाराई व शिल्लक यांचा हिशेब जुळवणे, हे पाचवे. ही पाच कामे डोक्यात, वहीत आणि फोनवर होतात. तंत्र तीच एका ठिकाणी आणते, इतकाच फरक.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. व्यवस्थापन आधी येते, यंत्र नंतर. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवीत आले आहेत. त्यांच्या कामाचा पाया म्हणजे डब्यावर रंगाने काढलेल्या खुणा, अक्षरे आणि आकडे. डबा कोठून निघाला आणि कोठे जायचा, हे त्या खुणेवरून हातोहात कळते. याउलट ज्या पेढीवर कोणत्या गाडीत किती ताके भरले याचीच नोंद धड नाही, तेथे हजारो रुपयांचे यंत्र आणले तरी घोटाळा तसाच राहील. फार तर तो घोटाळा संगणकावर दिसू लागेल!

लहान माणूस नव्याला भितो काय?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या देशात मोबाईल फोन १९९५ साली आला. त्या वेळी आलेल्या फोनचेही पैसे पडत असत. साहजिकच ट्रक ड्रायव्हर आणि कारागीर त्याकडे फिरकले नाहीत. पीसीओसमोर रांग लावून ते काम भागवीत. २००३ साली येणारे फोन मोफत झाले आणि पाहता पाहता ड्रायव्हर, क्लीनर, हमाल अशा सर्वांच्या खिशात मोबाईल आला. माणसे तीच होती, त्यांचे शिक्षणही तेच होते. बदलली ती पैसे आकारण्याची पद्धत.

दुसरे उदाहरण यूपीआयचे. ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. कार्ड घासण्याचे यंत्र कधीच न घेतलेल्या चहावाल्याने आणि भाजीवाल्याने यूपीआयचा छापील कागद मात्र टपरीवर लावला. कारण यंत्राचा खर्च नव्हता, शिकण्यासारखे फार नव्हते, आणि २०२० पासून अशा व्यवहारावर दुकानदाराकडून दलाली घेणेही बंद झाले.

अमेरिकेतील अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली होती. त्यांच्या मते माणूस नवे तंत्र स्वीकारतो की नाही, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते. एक, याने माझे काम सुधारेल असे त्याला वाटते काय. आणि दोन, हे वापरणे आपल्याला सोपे जाईल असे त्याला वाटते काय. यात "वाटते" हा शब्द महत्त्वाचा आहे. फायदा असून चालत नाही, तो वापरणाऱ्याला दिसावा लागतो.

मग अडते कोठे?

वाहतुकीच्या तंत्राबाबत लहान धंदेवाल्याची अडचण पुढील कारणांनी होते.

पहिले कारण म्हणजे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. गाडीत जीपीएस यंत्र बसवायचे गाडीमालकाने, सिमकार्डचे व सेवेचे वार्षिक शुल्क भरायचे त्यानेच. आणि माल कुठवर आला हे घरबसल्या पाहायचे माल पाठवणाऱ्याने. त्याबद्दल भाड्यात चार पैसे जास्त मिळत असतील तर गोष्ट वेगळी. पण भाडे तेच राहणार असेल, तर गाडीमालकाने उत्साह का दाखवावा? येथे त्याला मागासलेला म्हणणे हा अन्याय आहे.

दुसरे कारण, नुकसान दिसत नाही. डिझेल वाढले तर लगेच कळते. पण गाडी सहा तास विनाकारण उभी राहिली, पोच वीस दिवस उशिरा आली, परतीची खेप रिकामी झाली, याची किंमत वहीत कोठेच लिहिलेली नसते. जे नुकसान मोजलेले नाही, ते वाचवण्यासाठी कोणी पैसा घालत नाही.

तिसरे कारण विश्वासाचे. यंत्र बसवले की ड्रायव्हरला वाटते, मालक आपल्यावर पाळत ठेवतो आहे. वर्षानुवर्षे जबानीवर चाललेल्या संबंधात संशय शिरतो. मग यंत्राची वायर "आपोआप" निघू लागते आणि यंत्र बंद पडले म्हणून मालकही कंटाळतो.

चौथे कारण, विकणाऱ्याचा अनुभव. यंत्र विकताना विक्रेता दिवसातून तीनदा फोन करतो. बिघडल्यावर तोच फोन उचलत नाही. सेवा देणारी कंपनी बंद पडली की यंत्र म्हणजे नुसता डबा होतो, आणि जुन्या नोंदीही तिच्याबरोबर जातात. त्यातून ॲप इंग्रजीत, आणि पेढीवरील मुनीम मराठी वा उर्दूत लिहिणारा.

पाचवे कारण सहसा उघड बोलले जात नाही. सारे काही संगणकावर गेले तर सर्व व्यवहार उघडे पडतील, अशी धास्ती काहींना वाटते. या धास्तीचे खरे स्वरूप आता बदलले आहे. ते पुढे पाहू.

सक्तीने आलेले तंत्र

वाहतुकीच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत दोन तंत्रे कायद्याच्या सक्तीने आली. पहिले ई-वे बिल. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि ई-वे बिलाची सक्ती १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हायची होती. परंतु पहिल्याच दिवशी संकेतस्थळ भार सोसू शकले नाही व सक्ती पुढे ढकलावी लागली. अखेर १ एप्रिल २०१८ पासून राज्याराज्यांतील वाहतुकीसाठी आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रातील अंतर्गत वाहतुकीसाठी ती सुरू झाली. पहिल्या दिवसाच्या त्या गोंधळाने "हे ऑनलाइन काम भरवशाचे नाही" हा समज पुष्कळांच्या मनात पक्का झाला.

आज या नियमाची माहिती नसणे महागात पडते. साधारणपणे ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. सूत, कापड व तयार कपडे जॉबवर्कसाठी राज्यात ५० किलोमीटरच्या आत नेताना ई-वे बिलातून सूट देण्यात आलेली आहे. यंत्रमाग व शिलाईच्या गावांना ही सूट उपयोगाची आहे. तिचा लाभ घेण्यापूर्वी आपला व्यवहार तीत बसतो काय, हे कर सल्लागाराकडून पाहून घ्यावे. बिलाची मुदत अंतरावर ठरते. पूर्वी १०० किलोमीटरला एक दिवस मिळत असे, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. म्हणजे गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याचा धोका पूर्वीपेक्षा जास्त आहे. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. गाडी बदलली तर नव्या गाडीचा नंबर बिलात भरावा लागतो. यात चूक होऊन माल अडवला गेला, तर १ जानेवारी २०२२ पासूनच्या तरतुदीनुसार मालाचा मालक पुढे आल्यास कराच्या २०० टक्के दंड आहे. ५ लाखांच्या कापडावर ५ टक्के कर धरला तर कर २५ हजार होतो व दंड ५० हजार. गाडी वाटेत बिघडली आहे हे मालकाला वेळीच न कळण्याची ही किंमत आहे!

दुसरे तंत्र फास्टॅग. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून ते चारचाकी व त्यावरील सर्व वाहनांना सक्तीचे झाले. २०२१ पासूनच ई-वे बिलाची व्यवस्था फास्टॅगशी जोडण्यात आली. यामुळे कोणती मालगाडी कोणत्या टोल नाक्यावरून केव्हा गेली, हे कर खात्याच्या अधिकाऱ्यांना पाहता येते. मघाच्या धास्तीचे उत्तर येथे आहे. आपल्या गाडीची खबर सरकारला मिळू लागलेली आहे. ती मिळत नाही फक्त मालकाला, कारण त्याने ती घेतलेली नाही. तेव्हा नोंद ठेवल्याने आपण उघडे पडू, हे भय धरण्यात आता अर्थ उरलेला नाही. उलट चौकशी आली तर स्वतःची नोंद हाच स्वतःचा पुरावा ठरतो.

आणि यातच एक फुकटचा लाभ दडलेला आहे. फास्टॅगला जो मोबाईल नंबर जोडलेला असतो, त्यावर टोल कापल्याचा संदेश येतो आणि त्यात नाक्याचे नाव असते. अनेक मालकांनी ड्रायव्हरचा किंवा एजंटचा नंबर दिलेला असतो. तो बदलून पेढीवरील नंबर द्यावा. मुंबई-आग्रा महामार्गासारख्या टोलच्या रस्त्यावर गाडी कुठवर आली याचे उत्तर, एक पैसाही न घालता आणि ड्रायव्हरला फोन न करता, बऱ्याच अंशी मिळते. नवे यंत्र विकत घेण्याआधी हाती असलेले तंत्र पुरते वापरावे, हा पहिला धडा.

कागद, पेन्सिल आणि हिशेब

आता जीपीएस यंत्राचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण आपले आकडे घालावेत.

समजा यंत्राची किंमत ४,००० रुपये आणि वर्षाचे शुल्क २,००० रुपये. पहिल्या वर्षी खर्च ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. आता एका मालकाचा ट्रक महिन्याला ५,००० किलोमीटर चालतो व लिटरला ४ किलोमीटर जातो. त्याला १,२५० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये लिटर दराने खर्च १,१२,५०० रुपये होतो. गाडी विनाकारण चालू ठेवणे आणि आडवळणाने जाणे कमी होऊन केवळ एक टक्का डिझेल वाचले, तरी १,१२५ रुपये वाचतात. यंत्राची किंमत वसूल होऊन वर पैसे उरतात.

आता दुसरा मालक घेऊ. त्याचा टेंपो गावातल्या गावात बाजार ते कारखाना असा महिन्याला १,२०० किलोमीटर चालतो व लिटरला १२ किलोमीटर जातो. डिझेल १०० लिटर, खर्च ९,००० रुपये. येथे एक टक्का म्हणजे अवघे ९० रुपये. यंत्राचे ५०० रुपये वसूल व्हायला साडेपाच टक्क्यांहून अधिक डिझेल वाचले पाहिजे. टेंपो मालक स्वतःच चालवत असेल तर ते कोठून वाचणार? चोरीचे भय किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाची अट असे वेगळे कारण नसेल, तर या माणसाने यंत्र घेतले नाही यात त्याची काही चूक नाही.

यंत्र एकच, किंमत एकच. पण एकाला ते फायद्याचे आणि दुसऱ्याला तोट्याचे. म्हणून शेजाऱ्याने घेतले म्हणून घेणे जसे चूक, तसे शेजाऱ्याने घेतले नाही म्हणून न घेणेही चूक. शिवाय ट्रकवाल्यानेही हे ध्यानात ठेवावे की यंत्र स्वतः डिझेल वाचवीत नाही. रोज दहा मिनिटे बसून ते पाहणारा आणि ड्रायव्हरशी शांतपणे बोलणारा कोणी पेढीवर असेल तरच वरचा हिशेब खरा ठरतो.

आता पोचेचा हिशेब. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो व शिल्लक पोच आल्यावर. एखाद्या हुंडेकऱ्याच्या महिन्याला २० खेपा होतात आणि प्रत्येक खेपेत ८,००० रुपये शिल्लक राहतात असे धरू. महिन्याचे १,६०,००० रुपये झाले. पोच टपालाने वा परतीच्या ड्रायव्हरबरोबर येईपर्यंत पैसे मिळायला ४५ दिवस लागत असतील आणि ते १५ दिवसांवर आणता आले, तर १,६०,००० रुपयांचे अडकलेले भांडवल मोकळे होते. यासाठी यंत्र लागत नाही. माल उतरताच सही-शिक्क्याच्या पोचेचा स्वच्छ फोटो ड्रायव्हरने व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आणि "फोटोवर बिल मंजूर, मूळ पोच मागाहून" अशी बोली व्यापाऱ्याशी आधीच करून ठेवायची, इतकेच काम. फोटो पाठवण्याची सवय ही ड्रायव्हरला शिकवावी लागेल. त्यासाठी खेपेमागे त्याला थोडी बक्षिशी दिली तरी मालकाचा तोटा होणार नाही.

ज्याची स्वतःची गाडी नाही त्याने काय करावे?

आपले बहुसंख्य यंत्रमागधारक, शिलाई कारखानदार, बेकरीवाले, फळांचे व भंगाराचे व्यापारी स्वतःची गाडी ठेवीत नाहीत. त्यांना जीपीएसची गरज नाही. त्यांना गरज आहे ती नोंदीची. एक वही घ्यावी, किंवा मोबाईलवरील मोफत तक्ता वापरावा, आणि प्रत्येक खेपेच्या पुढील गोष्टी लिहाव्यात : तारीख, बिल्टी नंबर, हुंडेकरी, गाडी नंबर, ताके किंवा गाठी किती, ठरलेले भाडे, माल निघण्याची व पोहोचण्याची तारीख, घट वा नुकसान, आणि पोच मिळाल्याची तारीख. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. वाहतुकीचा व्यवहारही त्यातलाच मानावा.

तीन महिन्यांनी ही वही उघडून बसा. कोणाची गाडी दर वेळी दोन दिवस उशिरा येते, कोणाच्या गाडीत ताके कमी भरतात, आणि स्वस्त भाडे सांगणारा शेवटी महाग कसा पडतो, हे आपोआप दिसेल. कदाचित असेही दिसेल की दोष हुंडेकऱ्याचा नसून आपला आहे. गाडी दुपारी बोलावून माल रात्री तयार करायचा, ही सवय पुष्कळ कारखान्यांत आहे. उभ्या गाडीचा हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. आज नाही तर उद्या तो खर्च हॉल्टिंगच्या नावाने किंवा वाढीव भाड्याच्या रूपाने आपल्याच माथी येतो.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. मार्ग परिवहनाचा २००७ चा कायदा २०११ पासून लागू आहे. माल हरवला वा खराब झाला आणि वाहतूकदारावर दावा करायचा, तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस देणे आवश्यक असते. ज्याला बिल्टीची तारीखच सापडत नाही, तो दावा काय करणार? त्याचप्रमाणे अनोळखी गाडीत माल भरण्यापूर्वी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून तिचा विमा व फिटनेस चालू आहे काय हे पाहावे. याला दोन मिनिटे लागतात व पैसे लागत नाहीत.

पैसा घालण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

इतके करूनही ज्यांना यंत्र किंवा संगणकीय व्यवस्था घेण्याची गरज दिसते, त्यांनी विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत.

दुसऱ्या वर्षापासून शुल्क किती, आणि ते वाढवण्याची मर्यादा काय? यंत्र बिघडल्यास आपल्या गावात दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? सेवा बंद केली तर आजवरच्या नोंदी आपल्याला कोणत्या स्वरूपात मिळतील? आपल्या ग्राहकांची व भाड्याची माहिती ती कंपनी दुसऱ्या कोणाला दाखवील काय? ॲप मराठी, हिंदी वा उर्दूत चालते काय? आणि सर्व गाड्यांना बसवण्याआधी एका गाडीवर तीन महिने वापरून पाहता येईल काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एका गाडीवर आजमावावे, हिशेब पाहावा, मगच पुढे जावे. यासाठी कर्ज काढण्याची मुळीच गरज नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांना हे तंत्र त्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण बहुतेक सेवा मासिक वा वार्षिक शुल्कावर मिळतात. एकट्याला खर्च झेपत नसेल, तर एकाच अड्ड्यावरील चार-पाच हुंडेकऱ्यांनी मिळून एक संगणक व एक शिकलेला मुलगा ठेवावा. ई-वे बिल, पोचेच्या नोंदी आणि कागदांच्या मुदती तो सर्वांच्या सांभाळील. प्रत्येकाचे ग्राहक व भाडे मात्र वेगळ्या खात्यात राहतील, ही अट आधीच ठरवून घ्यावी.

ड्रायव्हरला विश्वासात घेतल्याशिवाय मात्र काहीही बसवू नये. त्याला स्पष्ट सांगावे की यंत्र कशासाठी आहे. अपघात झाला, गाडी बंद पडली किंवा त्याच्यावर खोटा आळ आला, तर याच नोंदी त्याच्या बाजूने बोलतील. डिझेलची बचत झाली तर तीत त्याचाही वाटा ठेवावा. पाळत म्हणून बसवलेले यंत्र टिकत नाही, सोय म्हणून बसवलेले टिकते.

प्रश्न कोणाच्या हाती राहण्याचा आहे?

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन माल विकणारे व्यापारी आज गाडी लावतानाच जीपीएस, मोबाईलवरील पोच आणि वेळेची नोंद मागतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणातही गाडी, परवाना, टोल व ई-वे बिल यांची माहिती एकमेकांशी जोडण्यावर भर आहे. ही वाट परत फिरणारी नाही. लहान धंदेवाल्यापुढे प्रश्न इतकाच आहे की तो या वाटेवर स्वतःच्या हिशेबाने जाणार, की कोणी ढकलल्यावर जाणार.

जो ढकलला जाईल त्याच्या गाडीत दुसऱ्याचे यंत्र बसेल, त्याच्या खेपांच्या नोंदी दुसऱ्याच्या संगणकात राहतील आणि त्याचे भाडे दुसरा ठरवील. मालक असून तो आपल्याच गाडीवर भाडोत्री होईल. ज्याच्याकडे स्वतःची नोंद आहे तो मात्र भाडे ठरवताना सांगू शकेल, "साहेब, गेल्या सहा महिन्यांत माझ्या इतक्या खेपा झाल्या, त्यांतल्या इतक्या वेळेवर पोहोचल्या आणि घट एवढीच आली. आता भाड्याचे बोला." लहान माणसाजवळ सौदा करण्याची जी काही ताकद असते, ती अशा पुराव्यातून येते.

म्हणून व्यापारी बांधवांनी सुरुवात आजच करावी, पण दुकानातून नव्हे, वहीतून करावी. फास्टॅगला पेढीचा नंबर जोडावा, पोचेचा फोटो मागवावा, खेपेची नोंद लिहावी. ही तीन कामे बिनपैशाची आहेत. तीन महिन्यांच्या वहीत जे नुकसान सर्वांत मोठे दिसेल, त्याच्यावर इलाज करणाऱ्या तंत्रावरच पैसा घालावा. मग संध्याकाळी पेढीवर कोणी विचारले, "गाडी कुठवर आली?", तर उत्तरासाठी ड्रायव्हरला फोन लावावा लागणार नाही.